लाभार्थी दिसतो, लाभ दिसत नाही

(रंगमंचावर एक खुर्ची. तिच्यावर कॅमेऱ्याची फुगलेली बॅग. कलाकार गळ्यात दुपट्टा टाकून येतो. बॅगेकडं पाहतो, हात लावत नाही.)

राजेहो, हे बॅग माही नाही. माह्या साडूची हाय. आतमधी काय हाय ते मले माहीत नाही, पण तिले हात लावला का पुण्यावरून फोन येते.

मी रिठदचा. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. सोयाबीन, तूर, हरभरा आन् फोटोग्राफी, हे आमचे चार पिकं. पहिल्या तीनले भाव नाही. चौथ्याले निदान अंगठे तरी भेटतात.

आमचा फोटोवाल्यायचा एक ग्रुप हाय. नाव सांगत नाही, ॲडमिन तिसऱ्या रांगेत बसला हाय. (हात जोडून) नमस्कार भाऊ. उद्या काढू नका मले. तं नियम असा हाय, का सकाळी कोणी फोटो टाकला तं दुपारच्या आत त्याचा पंचनामा झाला पाह्यजे. एखादं पोट्टं एकबुर्जीच्या धरणावर पहाटी कुडकुडत बसते, बगळ्याचा फोटो काढते, मोठ्या आशेनं टाकते. खाली सुरू! 'पाणी वाकडं झालं.' 'पाय कापले.' 'आयएसओ किती होता?' 'सुप्रभात', आन् गुलाबाचं फूल. 'बगळा अजून डावीकडं पाह्यजे होता.' आता बगळ्याले कोण सांगन? तो का ग्रुपात हाय?

आन् कोणी चुकून ईचारलं, 'भाऊ, पंचवीस हजारात कॅमेरा कोणता घेऊ?' संपलं! एक म्हणते कॅनन घे. दुसरा म्हणते निकॉन घे. तिसरा म्हणते, 'डीएसएलआरचा जमाना गेला बापा, मिररलेस घे.' चौथा म्हणते, 'बॉडीत पैसा घालू नको, लेन्समधी घाल.' पाचवा म्हणते, 'पंचवीसमधी पाच अजून टाक.' तीस झाले का 'दहा अजून टाक.' रात्री अकरापर्यंत गडी दीड लाखावर! सोयाबीनचा भाव असा चढला असता तं आज अर्धं रिठद हेलिकॉप्टरनं वावरात गेलं असतं. त्या पोट्ट्यानं शेवटी त्या पैशाच्या दोन बकऱ्या घेतल्या. आता मोबाइलवर बकऱ्यायचे फोटो काढते, आन् ग्रुपात सगळ्यात झकास फोटो त्याचेच असतात. बकरी त्याच्याकडं पाह्यते ना! बगळा आमच्याकडं पाह्यतच नाही.

पण या समद्यायच्या वर एक माणूस हाय. (बॅगेकडं बोट) साडू. मूळचा मेहकरचा, आता हिंजवडीत. तो बोलला का असा बोलते, (मान वाकडी, एक डोळा बारीक) 'मॅन्युअलवर या, साडूभाऊ! मॅन्युअलवर!' मी चहा पेतो तरी, 'मॅन्युअलवर!' आन् माही बायको म्हणते, 'पाहा, ताईच्या घरचे कसे फोटो काढतात!'

कसे काढतात? माह्या लग्नात फोटोचा ठेका यानंच घेतला होता, हौसेनं. अंतरपाट खाली आला, समद्यायनं अक्षता टाकल्या, आन् साहेब लेन्स बदलून राह्यले होते! माह्या लग्नात मी कुठीच नाही. मांडवाच्या दोरीवर चिमणी बसली होती, तिचा क्लोजअप हाय. चोचीत अक्षत हाय! माह्या बायकोनं तोच फोटो फ्रेम केला. लग्नाचा पुरावा काय, तं चिमणी.

जून २०२० मधली गोष्ट. लॉकडाऊन. लोणारचं पाणी गुलाबी झालं. आपल्या एका गड्यानं काठावरून मोबाइलवर फोटो काढला आन् टाकला. पुण्यावरून लगेच, (साडूचा आवाज) 'सॅच्युरेशन जास्त झालंय! निसर्ग असा नसतो. ओव्हर एडिट!' गडी शपथा घेऊन राह्यला, 'भाऊ, गजानन महाराजाची आन, मी काहीच केलं नाही!' साडू म्हणते, 'स्लायडर मागे घे.' मंग त्याच्याच पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, आन् सांगितलं का खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवायनं हा रंग आणला. हॅलोआर्किया नाव त्यायचं. आता साडू काय बोलन? म्हणते, 'ठीक आहे, पण कंपोझिशन चुकलंय.' विवराचं! तठी उल्का पडली तवा साडूले ईचारलं नव्हतं ना!

म्हणा, हा रोग काही आजचा नाही. १९ ऑगस्ट १८३९ ले फ्रान्स सरकारनं डागेर साहेबाची फोटो काढायची युक्ती जगाले फुकट देऊन टाकली. तवापासून या धंद्यात समदं फुकट भेटते, फक्त सामान सोडून. १८५४ मधी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. अजून १८५७ व्हायचं होतं, पण हे मंडळ तयार! इंग्रजाले देशाबाहेर काढाचा विषय मागून आला, पह्यले इंग्रजाच्या बाजूले बसून 'काच कोणती, मसाला कोणता' हे सुरू झालं.

आन् दादासाहेब फाळके! सिनेमाचा बाप माणूस. पण त्याच्या आधी त्यायनं काय केलं? कुंडीत वाटाणा लावला, आन् त्याच्यापुढं कॅमेरा मांडून थोडं थोडं चित्रण करत राह्यले. अंकुर फुटला, वेल चढला, समदं पडद्यावर पळतानी दिसलं. १९१२ साल. राजेहो, हे काय होतं माहीत हाय? ई-पीक पाहणी! महाराष्ट्रातली पह्यली! आन् सर्व्हर डाऊन न होता झालेली शेवटची!

(टाळ्यांची वाट पाहतो.) हसता काऊन? शेतकरी दिसतात तुमी.

१५ ऑगस्ट २०२१ पासून सरकारनं समद्या महाराष्ट्राच्या शेतकऱ्याले फोटोग्राफर केलं. वावरात जा, गट नंबर निवडा, पिकाचा फोटो काढा, चढवा. साडू एक डाव पोळ्याले आला होता. म्हणते, 'मी काढतो! गोल्डन अवरला जाऊ.' पहाटी उठवलं मले. चिखलात आडवा झाला, सोयाबीनच्या पानावर दवाचा थेंब, थेंबात सूर्य! फोटो कॅमेऱ्यात. ॲप मोबाइलात. मंग मोबाइल काढला, तं वावरात रेंज नाही. रेंज बांधावरच्या बाभळीखाली. बाभळीखाली गेलं का ॲप म्हणते, तुम्ही निवडलेल्या गटात नाही! साडू मोबाइलले समजावून राह्यला, (हळू) 'मॅन्युअलवर ये, मॅन्युअलवर...'

आता आमचे आबा. माहे आजोबा. आबाचा या समद्या फोटोवाल्यायवर राग हाय, आन् रागाले कारण हाय. कारंजा-सोहोळले काळविटाचं अभयारण्य हाय ना, तठी साडू मोठी लेन्स लावून जाते. एक डाव काळवीट दाखवून राह्यला आबाले. 'आबा, शिंगांचा पीळ बघा! उडी बघा! काय ग्रेस आहे!' आबानं चष्मा लावला, पाह्यलं. म्हणे, (आबाचा आवाज) 'हे हरणं आन् ते रोही मिळून माही तूर खातेत, रातभर मी डबडं वाजवतो, आन् हा सकायी येऊन त्यायचे फोटू काढते. चोराची वरात काढून राह्यला का रे? एवढंच आवडते तं घरी घेऊन जाय. हिंजवडीत बांध.'

पण त्याच आबाले एक डाव साडूकडून फोटो काढून घ्यावा लागला. स्वच्छ भारतचं वारं होतं. संडास बांधा, बारा हजार रुपये भेटतीन. आबानं बांधला. गुलाबी रंग देला. दारावर पेंटरकडून योजनेचं नाव, आबाचं नाव, साल, समदं लिहून घेतलं. आता प्रस्तावाले फोटो लावायचा, लाभार्थी संडासापुढं उभा पाह्यजे. साडू म्हणते, 'मी काढतो. पोर्ट्रेट आहे ते. फिफ्टी एमएम लावतो.'

(बॅगेमागं गुडघ्यावर बसतो.) 'आबा, दाराला चिकटू नका. पुढं या. अजून पुढं.'

(उठून, आबा) 'अरे बापा, संडासाचा फोटू हाय. अजून पुढं आलो तं पांदण लागते.'

'आबा, सब्जेक्ट आणि बॅकग्राउंडमध्ये अंतर पाहिजे!'

'अंतर तं आमीनं जलमभर ठेवलं पोरा! गावापासून पार नाल्यापर्यंत! पायटी टमरेल घेऊन! म्हणून तं हे बांधलं!'

(हशा संपू देतो.)

साडूनं एफ वन पॉइंट एट लावला. डोळ्यावर फोकस. कोवळं ऊन बाजूनं. खटॅक! आन् खोटं नाही बोलत, काय फोटो आला! आबाच्या दाढीचा खुंट न् खुंट मोजून घ्या. टोपीची शिलाई दिसते. कपाळाच्या आठीत धूळ दिसते. आन् मागं? मागं नुसता गुलाबी धूर. लोणार!

आमी हापिसात गेलो. साहेबानं फोटो हातात घेतला. लय वेळ पाह्यला.

'वा. कुठं काढला?'

'संडासापुढं.'

'संडास कुठं आहे?'

'मागं.'

'मागं तर धुकं आहे. हे काय आहे?'

साडू छाती फुगवून, 'बोके!'

साहेब म्हणते, 'बोके पाळायला अनुदान नाही.' आन् फाइलवर लाल पेनानं शेरा मारला, 'लाभार्थी दिसतो. लाभ दिसत नाही.'

राजेहो, या एका ओळीत साहेबानं पन्नास वर्षांच्या समद्या योजना लिहून टाकल्या!

आबानं तो फोटो फेकला नाही. वाशीमले नेला, मोठा केला, फ्रेम केला, कपाटात ठेवला. म्हणे, 'मेल्यावर तुमी घाई करसान, ग्रुपातला कोणता बी लावसान. हा लावजा. फक्त मागचं काय हाय ते कोणाले सांगू नोका.' पाव्हणे येतात, पाह्यतात, म्हणतात, 'आबा, महाबळेश्वरले गेल्ते काय?' आबा म्हणते, 'व्हय. रोज सकायी जातो.'

(हसू ओसरतं. खुर्चीवरची बॅग खाली ठेवून बसतो.)

त्या कपाटाच्या वर आजीचा फोटो हाय. हार घातलेला. तो आधार कार्डाचा हाय. दुसरा नव्हताच. एका लग्नाच्या फोटोत कोणाच्या तरी खांद्यामागं तिच्या पदराचा काठ हाय, तेवढाच. शाळेत आधारचा कॅम्प होता तवा पोट्ट्यानं सांगितलं, 'हनुवटी वर करा, डोळे मोठे करा, हसू नका.' तिनं ऐकलं. तिकिटाएवढा फोटो फ्रेमवाल्यानं ताणून ताणून दीड फूट केला. आबा कधी कधी त्याच्यापुढं उभे राह्यतात, आन् एकच बोलतात. 'पोरा, ते अशी नव्हती दिसत.'

आमच्या ग्रुपातल्या एकेकाच्या हार्डडिस्कमधी खंड्या हाय, उडता, बसता, मासोळी धरता. मायचा फोटो माग, तं मोबाइल शोधा लागते. आन् भेटला तं ते भाकरी थापता थापता म्हणून राह्यली असते, 'अरे, केस नाही विंचरले, काढू नको.' आन् हा शहाणा ऐकते! बगळ्यानं नाही म्हटलं तरी पाण्यात शिरते, मायचं मात्र ऐकते!

(उठतो. सूर बदलतो.)

साडूले हे समजलं. म्हणते, 'आबा, चिंता नको. आता एआय आलंय.' आधारचा फोटो टाकला, बटण दाबलं. आजी हसली! गालाले खळी, नाकात मोरनी, केस उडून राह्यले, मागं स्वित्झर्लंड. आबानं चष्मा पुसला. जवळून पाह्यलं. लांबून पाह्यलं. म्हणे, 'हे कोण होय?'

'आजी!'

'हे असती तं मी वावरात गेलोच नसतो.'

साडूचं तोंड एवढंसं झालं. माह्या पोटात असा गारवा पडला, चिमणीवाल्या फ्रेमची शपथ! पण आबानं त्याले सोडलं नाही. हात धरून बसवलं, कपाटातला आपला फोटो काढला, दुपट्ट्यानं काच पुसली, आन् एकदम आवाज बारीक करून म्हणे, 'जवाईबापू, तुमच्या त्या मशीनले मागचं डोंगर टाकता येते ना?'

'हो आबा! काहीही टाकता येतं!'

'मंग ह्याच्यात संडास टाका. बारा हजार बाकी हायेत.'

(अंधार.)