हातात किती?

आमच्या सोसायटीत दरवर्षी एक तरी चिरंजीव नव्याने कमवायला लागतो. वय अठरा-एकोणीस, मिसरूड अर्धवट, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर फर्ग्युसन रस्त्यावरच्या एखाद्या कॅफेत नोकरी. पगाराच्या आदल्या दिवशी तो जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढतो आणि पगार झाला की एकेक पायरी मोजत माझ्या दाराशी येतो. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणजे सोसायटीच्या लेखी आयकर खातं मीच.

"काका, माझे पैसे कोणीतरी खाल्ले."

यंदाच्या चिरंजीवांनी स्लिप चक्क छापून आणली होती. कापलेल्या प्रत्येक रकमेखाली लाल रेघ. गावभर 14,000 सांगून झालेले, स्लिपवर 12,000 आणि खात्यात आले 10,270. सीटीसीत मालकाने भरायचा पीएफसुद्धा धरलेला असतो, हे पहिल्या पगाराआधी पोरांना कोणी सांगत नाही. सांगून तरी काय उपयोग म्हणा, तोवर फोनचा हप्ता ठरलेला असतो.

पहिली लाल रेघ पीएफची, 1,440 रुपये. "अठ्ठावन्नाव्या वर्षी मी या पैशांचं करू काय?"

"मी करतोय तेच. दुसऱ्यांच्या पोरांच्या स्लिपा वाचायच्या."

दुसरी ईएसआयची, पाऊण टक्का म्हणजे 90 रुपये. आजारी पडलो नाही तर परत मिळतात का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. पुढचे दोन आठवडे तो घसा खाकरत हिंडत होता.

खरा भडका उडाला तो व्यवसाय कराच्या 200 रुपयांवर. त्याच कॅफेत, त्याच पगारावर काम करणाऱ्या मैत्रिणीचा एक पैसा कापला नव्हता. महाराष्ट्रात 2023 च्या एप्रिलपासून 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ आहे. पुरुषांची सूट 7,500 लाच संपते. हे ऐकून तो इतका वेळ गप्प बसला, की आमच्या हिने पाणी आणून दिलं. फेब्रुवारीत 200 चे 300 झाले तेव्हा तर "दिवस कमी आणि कर जास्त?" म्हणत रात्री साडेदहाला बेल वाजवली. वर्षाला 2,500 ही घटनेनेच घातलेली मर्यादा. अकरा महिने 200 घेतले की उरलेले 300 बिचाऱ्या फेब्रुवारीच्या गळ्यात. हिशेब चोख निघाल्याचंच त्याला जास्त दुःख झालं.

आयकराचा प्रवेश उशिरा झाला. फावल्या वेळात त्याने एका कार्यक्रमवाल्यासाठी वर्षभरात 60,000 रुपयांचं व्हिडिओ एडिटिंग केलं होतं. त्यातून दहा टक्के टीडीएस गेला. एकूण कमाई करपात्र नाही, तेव्हा विवरणपत्र भर आणि 6,000 परत माग, एवढंच मी म्हणालो. त्याच्या आजोबांनी 'आयटीआर'चं 'आयटीआय' ऐकलं आणि औंधला जायची बस सांगितली. पोराने पोर्टल उघडून 'सहज' नावाचा फॉर्म निवडला, कारण नाव सहज. पण एडिटिंगची कमाई त्यात बसेना. त्याला लागत होता 'सुगम'. सरकारी खात्यात विनोदबुद्धी असलेला माणूस एकच असावा आणि त्याला फॉर्मांची नावं ठेवायला बसवलं असावं.

पॅन कार्डावर फोटो नव्हता, कारण ते तो लहान असताना काढलेलं. ते अद्ययावत करताना नमुन्याला वडिलांचं जुनं कार्ड घेतलं आणि पाठीमागचा पत्ता वाचून गडी हरखला. कार्ड सापडल्यास परत पाठवा, मॉडेल कॉलनी, दीप बंगला चौकाजवळ, पुणे 16! कोणाचं गुवाहाटीत हरवलं तरी पाठवायचं आपल्या दीप बंगल्याला? तेव्हापासून देशाचा आयकर पुणेच चालवतं, असं तो कॅफेतल्या बाहेरगावच्या पोरांना ठणकावून सांगतो.

परवा परतावा जमा झाला. "काका, सरकारने मला पैसे दिले!" तुझेच तुला दिले, हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्याच्या हातात मस्तानीचे दोन ग्लास होते. एक माझा. मी गप्प बसलो.

खाली बाकावर आजोबांनी त्याला नेहमीचा प्रश्न टाकला, "काय रे, हातात किती येतात?"

चिरंजीवांनी मान तिरकी करून चष्म्याच्या वरून पाहिलं. चष्मा नव्हता, लकब माझी.

"आजोबा, नीट विचारा. सीटीसी, ग्रॉस की नेट?"