गडावर चढता चढता दुसऱ्याचे मराठी कसे सुधारावे

पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईची मंडळी पाठीला सॅक लावून सह्याद्रीत शिरतात. सॅकमध्ये टॉर्च असतो, रेनकोट असतो, ग्लुकोजचा पुडा असतो आणि अख्ख्या गटाला पुरून उरेल इतका चिवडा असतो. नसते ते एकच: आपण ज्याला टेकून फोटो काढतो आहोत त्याला म्हणतात काय, याचे ज्ञान. ही उणीव भरून काढायला प्रत्येक गटात एक शब्दकिल्लेदार लागतो. हे पद कोणी देत नाही, आपणहून घ्यायचे असते. त्याला पगार नाही, मान नाही आणि दुसऱ्या ट्रेकनंतर बहुधा निमंत्रणही नाही. तरीही ज्यांना राहवत नाही, अशांसाठी ही मार्गदर्शिका.

पूर्वतयारी

पायांची तयारी इतरांनी करावी, शब्दकिल्लेदाराने पाठांतर करावे. बुरूज, माची, बालेकिल्ला हे शब्द पायथ्याच्या टपरीवरच्या पोरालाही येतात. त्यांनी छाप पडत नाही. फांजी पाठ करावी: पहारेकऱ्यांना तटावरून फिरता यावे म्हणून ठेवलेली वाट. चर्या पाठ कराव्यात: तटाच्या माथ्यावरचे पाकळीसारखे दगड, ज्यांच्याआडून लढता येते. बंदुकीचा मारा करायला तटात ठेवलेली भोके म्हणजे जंग्या. दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या बसण्याची जागा म्हणजे देवडी. मोठ्या दारातले माणूस जाईल एवढे छोटे दार म्हणजे दिंडी. दारावरच्या शिल्पाकडे पाहून कुणी 'सिंह' म्हणाला, की आपण शांतपणे 'शरभ' म्हणावे. जवळ गेल्यावर तो खरेच सिंह निघाला, तर 'झीज फार झाली आहे' असे म्हणून पुढे चालू लागावे.

वेळ नीट निवडावी. दुरुस्ती नेहमी उभ्या चढावर करावी. समोरच्याला धाप लागलेली असते, त्यामुळे उलट उत्तर येत नाही.

संधी पहिली: प्रत्यय आणि क्रियापद

ही संधी गाडीतच मिळते. मागच्या सीटवरून कुणीतरी फोनवर घरी सांगतो, "आई, आम्ही रायगडला चाललोय." फोन संपेपर्यंत थांबावे. मग विचारावे, "रायगडला की रायगडावर?" माणूस गावाला जातो, गडावर जातो. 'ला' लावला की गड सपाट होतो.

पुढचा म्हणतो, "मागच्या वर्षी आम्ही तोरणा केला." इथे भुवई उंचावावी. "केला? किल्ला दिवाळीत करतात. मातीचा. त्यावर अळीव पेरतात." तिसरा सावध होऊन म्हणतो, "बरं, सर केला." त्यालाही सोडू नये. गड सर करायचा तर आत शत्रू लागतो. माथ्यावर लिंबू-सरबताचा हंडा घेऊन बसलेली मावशी आपल्याआधी रोज पहाटे चढते; सर झालाच असेल तर तो तिने केलेला आहे.

संधी दुसरी: एकच गोष्ट दोनदा सांगणारे

'सह्याद्री पर्वत' म्हणणारा गटात एक तरी असतोच. अद्रि म्हणजेच पर्वत, हे त्याला पहिल्या विश्रांतीच्या आत कळले पाहिजे. 'जंजिरा बेट' म्हणणाऱ्याला सांगावे, की अरबीतल्या जझीरा या शब्दाचा अर्थच बेट. म्हणजे तू बेट बेट म्हणालास. 'रायगड किल्ला' आणि 'सिंधुदुर्ग किल्ला' हे गुन्हे तर उघड्यावर घडतात. मात्र इथे एक मेख आहे. १९८१ पासून रायगड आणि सिंधुदुर्ग ही जिल्ह्यांचीही नावे आहेत, त्यामुळे 'किल्ला' जोडला नाही तर माणूस गडाविषयी बोलतो आहे की जिल्हा परिषदेविषयी, हे कळत नाही. हा मुद्दा समोरच्याला सुचण्याआधी विषय बदलावा.

संधी तिसरी: लिंग आणि वचन

कातळात खोदलेल्या पाण्याच्या साठ्याला टाके म्हणतात. ते टाके, ती टाकी. गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची असते ती टाकी, त्या टाक्या. म्हणून "गडावर पाण्याच्या टाक्या आहेत का?" या प्रश्नाला "आहेत, पण प्लंबर सुट्टीवर आहे" असे उत्तर द्यावे. एखादा घाबरून 'पाच टाके आहेत' म्हणाला, तर कपाळावर की कोपरावर, अशी चौकशी करावी.

लेण्यांचे प्रकरण याहून गंभीर आहे. एक ते लेणे, अनेक ती लेणी. पण लोकांनी 'ती लेणी' स्त्रीलिंगी एकवचन समजून तिच्यापुढे 'लेण्या' उभ्या केल्या. कार्ल्याच्या लेण्या, भाज्याच्या लेण्या, वेरूळच्या लेण्या. "पेपरातही लेण्याच छापतात" असा बचाव येईल. त्यावर "म्हणूनच मी पेपर वाचत नाही" असे म्हणावे आणि दरीकडे पाहावे.

संधी चौथी: ऱ्हस्व-दीर्घ

बोलताना ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही, ही अडचण सामान्य माणसाची. शब्दकिल्लेदाराला ते ऐकू येते. बुरूज दीर्घ, पण बुरुजावर चढताच तो ऱ्हस्व होतो. गिरी एकटा असला तर दीर्घ, दुर्गाशी समास झाला की गिरिदुर्ग. 'किल्ल्यावर' या शब्दात दोन ल आहेत, आणि पाट्या रंगवणाऱ्यांनी त्यातला एक पायथ्यालाच ठेवलेला असतो. 'किल्यावर कचरा करू नये' अशी पाटी दिसली की खिशातल्या मार्करकडे हात जातो. तो आवरावा. पाटीवर गिरबटणे हाही कचराच आहे.

संधी पाचवी: नावे आणि आकडे

प्रत्येक गडाला दुसरे नाव असते, आणि ते आपल्याला माहीत असते. समोरचा तोरणा म्हणाला तर आपण प्रचंडगड म्हणावे. तो सिंहगड म्हणाला तर कोंढाणा. तो वासोटा म्हणाला तर व्याघ्रगड. एखादा वाचून आलेला असतो आणि आधीच प्रचंडगड म्हणतो. त्याला "हां, म्हणजे आपला तोरणा" असे म्हणून जमिनीवर आणावे. फक्त एसटीच्या कंडक्टरसमोर हा प्रयोग करू नये. त्याच्याकडे प्रचंडगडाचे तिकीट नसते, वेल्ह्याचे असते, आणि त्याला पुढचे प्रवासी असतात.

आकड्यांत सापळे चांगले लागतात. "महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला कळसूबाई" असे कुणी म्हणाला, की लगेच धरावा. कळसूबाई शिखर आहे, १६४६ मीटरचे; तिच्यावर देवीचे देऊळ आहे, तट-बुरूज नाहीत. उंच किल्ला म्हणजे बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर. त्याचप्रमाणे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले "महाराष्ट्रातले बारा किल्ले" हेही कानावर येईल. त्यांतले महाराष्ट्रात अकरा. बारावा जिंजी, तो तमिळनाडूत आहे. ही दुरुस्ती अचूक आहे, उपयोगी आहे आणि जिंजीलाही बरे वाटेल अशी आहे. म्हणूनच ती करताना आवाजात फार समाधान येऊ देऊ नये.

संधी सहावी: भाषाशुद्धी (धोक्याचा रॉकपॅच)

तिसऱ्या-चौथ्या ट्रेकनंतर शब्दकिल्लेदाराला परके शब्द टोचू लागतात. ट्रेक नव्हे, गिरिभ्रमण. रॉक क्लायंबिंग नव्हे, प्रस्तरारोहण. हा शब्द दोरीला लटकलेल्या माणसाकडून म्हणवून घेऊ नये. त्याला श्वास इतर कामांसाठी लागतो.

इंग्रजी संपले की नजर फारसी-अरबीकडे वळते. आधाराला थोर दाखलाही आहे. शिवकाळात राजव्यवहारकोश तयार झाला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि त्यात गडकोटांसाठी एक स्वतंत्र दुर्गवर्गच आहे. हा दाखला देऊन मोहीम उघडावी, पण उघडण्यापूर्वी हिशेब मांडावा. किल्ला अरबीतून आला. बुरूज अरबीतून. खंदकही त्याच वाटेने. दरवाजा फारसी. बालेकिल्ल्यातला 'बाले' म्हणजे फारसीतला वरचा. तोफ तुर्की. अंबरखाना, नगारखाना यांतला खाना फारसी. गडाचा हवालदार, सबनीस, कारखानीस, सगळे तिकडचेच. हे सगळे खाली उतरवले तर वर करवंदीच्या जाळ्या आणि वारा एवढेच उरते. शेवटी खुद्द 'शब्दकिल्लेदार' या पदवीतला 'किल्ले'ही जातो आणि 'दार'ही जातो. राज्याभिषेक झाला, कोश झाला, साडेतीनशे वर्षे गेली, आणि बुरूज अजून बुरूजच आहे. भाषाशुद्धीची मोहीम इथूनच माघारी फिरवावी.

संधी सातवी: मामा

ही संधी नव्हे, परीक्षा आहे. प्रत्येक गडाच्या पायथ्याला एक मामा असतात. डोक्याला टोपी, हातात कोयता, पायात झिजलेली चप्पल. ते सांगतात, "पानी हाय की वर टाक्यात. पन मधलं पिऊ नगा, कडंच्यातलं घ्या. आन् त्या नळीत शिरू नगा. रातच्याला पाऊस झालाय, दगडं येत्यात. खिंडीतनं जावा."

शब्दकिल्लेदाराची जीभ इथे वळवळते. पाणी, आहे, नका, दगड. तोंड बंद ठेवावे आणि वाक्य पुन्हा ऐकावे. मामा 'टाक्यात' म्हणाले. 'टाकीत' म्हणाले नाहीत. टाके या नपुंसकलिंगी नामाचे सामान्यरूप त्यांनी अचूक केले, तेही दुरुस्तीशिवाय. शिवाय त्यांनी नळी वेगळी धरली आणि खिंड वेगळी धरली. आपल्या गटातल्या निम्म्यांना या दोन्हींना 'ती मधली गॅप' म्हणायची सवय आहे.

त्यांच्याकडून नुसते ऐकून घ्यावे. ढोरवाट हा शब्द ढोरांमागे चालणाऱ्याने केला. आरपार भोक पडलेल्या कातळाला नेढे म्हटले ते सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाने. घसारा म्हणजे पायाखालून सरकणारा मुरूम-खडा. गटातल्या चार्टर्ड अकाउंटंटला हा शब्द ताळेबंदातून माहीत असतो, मामांच्या पायांना तो माहीत असतो. मामांना दुरुस्त करू नये. एक तर त्यांच्या बोलण्यात चूक नसते. दुसरे, संध्याकाळचे पिठले-भाकरी त्यांच्याच घरी सांगितलेले असते.

जिथे दुरुस्ती केलीच पाहिजे

इतका वेळ आपण गप्पांतल्या चुका पाहिल्या. काही चुका मात्र अंगाशी येतात, आणि तिथे शब्दकिल्लेदाराचा खरा उपयोग आहे.

नाळ आणि खिंड. नाळ म्हणजे कड्यातून उतरलेली अरुंद घळ. पावसात तिच्यातून पाणी आणि दगड दोन्ही येतात. खिंड म्हणजे दोन उंचवट्यांमधली बसकी, ओलांडायची जागा. मागून येणाऱ्या गटाला 'खिंडीतून या' सांगायच्या ऐवजी कुणी 'नाळेतून या' असा निरोप धाडला, तर व्याकरणाची चूक शून्य आणि पुढचा खर्च मोठा.

डावे आणि उजवे. चढणाऱ्याचे डावे ते उतरणाऱ्याचे उजवे. 'डावीकडून' एवढ्यावर थांबणाऱ्याला 'कुणाच्या?' असे लगेच विचारावे. 'दरी उजव्या हाताला ठेवून चाल' हे वाक्य त्यापेक्षा शंभरपट शुद्ध आहे.

टाके आणि टाके. एका ओळीत पाच टाकी असली तरी पिण्याजोगे पाणी बहुधा एखाद्यातच असते. सिंहगडावरच्या देवटाक्यासारखे नावाने ओळखले जाणारे असेल तर नावानेच सांगावे. 'तिकडच्या टाक्यातलं घे' हा निरोप पोटाला पुरत नाही.

दारूकोठार. हा शब्द ऐकून नव्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे हसू येते, ते 'बंदुकीची दारू' असे सांगून लगेच पुसावे. गडावर दुसरी दारू घेऊन गेलेल्यांची बाटली पुढच्या रविवारी गड साफ करणाऱ्या पोरांना उचलावी लागते.

आणि शौचकूप. तटाला लागून दगडी, सावलीची, वारा लागणारी एक छोटी जागा दिसते. कुणीतरी तिला 'पहारेकऱ्यांची चौकी' म्हणतो, सगळे आत दाटीवाटीने बसतात आणि डबे उघडतात. इथे शब्दकिल्लेदाराने एक क्षणही दवडू नये. अचूक शब्द अचूक वेळी, पहिल्या घासाच्या आधी उच्चारावा. जन्मभराच्या पाठांतराचे सार्थक इथे होते, आणि पुढच्या ट्रेकचे निमंत्रण मिळालेच तर ते याच दुरुस्तीमुळे मिळते.

तेव्हा शब्दकिल्लेदारांनो, एवढे करा. ज्या शब्दामुळे माणूस चुकीच्या वाटेला लागेल, चुकीचे पाणी पिईल किंवा चुकीच्या जागी जेवायला बसेल, तो शब्द तिथल्या तिथे आणि मोठ्याने दुरुस्त करा. बाकीच्या लेण्या, टाक्या आणि 'रायगडला' हे सगळे खाली उतरून चहा येईपर्यंत पोटात ठेवा. तोवर निम्म्या दुरुस्त्या विसरलेल्या असतील, आणि त्याने मराठीचे काहीही बिघडणार नाही. वाटेत मामा बोलत असतील तर मधे बोलू नका. शब्द अडला तर त्यांनाच विचारा.