नऊ दशांश फुटबॉल

जपानच्या कोनामी कंपनीने ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘ईफुटबॉल २०२२’ हा गेम जगाला फुकट दिला आणि दुसऱ्याच दिवशी जगाची माफी मागितली. देणगी आणि दिलगिरी यांच्यात इतकं कमी अंतर ठेवणारी दुसरी संस्था आमच्या पाहण्यात नाही. आपल्याकडे फुकट देण्याची घोषणा झाल्यापासून पाच वर्षं निघून जातात, आणि शेवटी माफी विरोधकांनीच मागावी असं ठरतं.

गेमच्या कपाळावर आवृत्तीचा आकडा ठळक होता: ०.९.०. सचोटी म्हणतात ती ही. बाकीच्या कंपन्या अर्धाकच्चा माल १.० म्हणून खपवतात. इथे पूर्णांकाला एक दशांश कमी पडतोय, हे माल हातात पडण्याआधीच लिहून ठेवलेलं. शिवाय प्रकाशनाच्या आधी कंपनीच्याच माणसाने सांगून टाकलं होतं की, शरदात येणार आहे तो एका परीने डेमोच, म्हणजे नमुनाच समजा. तरीही लोक पूर्ण खेळाची आस लावून बसले. जाहीरनामा न वाचता मत देणाऱ्यांनी निकालावर रडू नये.

आता आमचं पहिलं मत. संघ किती? नऊ. बार्सिलोना, बायर्न म्युनिक, युव्हेंटस, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल आणि दक्षिण अमेरिकेतले कोरिंथियान्स, फ्लामेंगो, साओ पाउलो, रिव्हर प्लेट. म्हणजे निवडीचा ताप नाही. नऊ हा आकडाही विचारपूर्वक काढलेला दिसतो. जोड्या लावायला बसलं की एक संघ आपोआप शिल्लक राहतो, आणि गेमची अवस्था पाहता भाग्यवान तोच.

मग चेहरे. रोनाल्डो नुकताच युनायटेडमध्ये परतला होता, मेस्सीने बार्सिलोनाचा रडत निरोप घेतला होता. सगळ्या जगाचं लक्ष या दोन चेहऱ्यांकडे होतं. कोनामीने नेमके तेच दोन असे घडवले की त्यांची चित्रं जगभर हसत हसत फिरली. गोल केल्यावर रोनाल्डो हसतो खरा, पण हसू ओठांपाशीच थांबलेलं. डोळ्यांपर्यंत गोल झाल्याची बातमी पोचलेलीच नाही. खेळाडू धावतात तेव्हा पाय सामन्यात असतात आणि हात दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला निघालेले असतात.

प्रेक्षकांबद्दल काय सांगावं? त्याच्या आदल्या वर्षी करोनामुळे युरोपातली मैदानं रिकामी होती, तेव्हा जर्मनीच्या मोन्शनग्लाडबाख क्लबाने चाहत्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवले होते. त्या पुठ्ठ्यांना निदान चेहरे होते. कोनामीच्या गर्दीने तेवढीही औपचारिकता पाळली नाही. कॅमेरा जवळ गेला की प्रेक्षक वीस वर्षांपूर्वीच्या गेममधून उसने आणलेले वाटावेत, असं त्यांचं रूप होतं. यात आम्हाला कंपनीची इतिहासाविषयीची आस्था दिसली. इतरांना ती दिसली नाही.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर तर लोकांनी एका दिवसात या गेमला आजवरचा सर्वांत नावडता गेम ठरवून टाकलं. फुकट मिळालेल्या वस्तूची इतकी निंदा करायला जे औदार्य लागतं, ते ग्राहकांनी सढळ हाताने दाखवलं. आणि मग आला तो माफीनामा. त्यात कंपनीने नोंद घेतलेल्या तक्रारी अशा: पासचा वेग, बचावाची पद्धत, मधली दृश्यं, चेहऱ्यांवरचे भाव, खेळाडूंच्या हालचाली आणि चेंडूचं वागणं. म्हणजे चेंडू, खेळाडू, पास आणि बचाव एवढं सोडलं, तर फुटबॉलमध्ये दोष काढायला जागा नव्हती. गोलपोस्टबद्दल तर एक अवाक्षर नाही. ते जागचे हलत नव्हते, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

हे घडलं कसं? तर महत्त्वाकांक्षेपायी. ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते जुनं फॉक्स इंजिन कंपनीने बाजूला ठेवून अनरियल इंजिन घेतलं. २०२० मध्ये नवा गेम काढलाच नाही; जुन्यालाच ‘सीझन अपडेट’ म्हणून विकलं, कारण सगळी ताकद नव्या बांधणीत लागली होती. प्लेस्टेशनवाला, एक्सबॉक्सवाला, संगणकवाला आणि पुढे मोबाइलवाला, सगळ्यांनी एकाच मैदानात उतरावं असा बेत होता. समतेचं तत्त्व उदात्त आहे. फक्त सगळ्यांना एका पातळीवर आणताना कोणती पातळी निवडायची, एवढा एकच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर प्रेक्षकांचे चेहरे देत होते.

जुन्या चाहत्यांचं दुःख मात्र खरं होतं. ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ म्हणजे पीईएसवर एक अख्खी पिढी वाढली. पुण्या-मुंबईच्या गेम पार्लरमध्ये तासाच्या हिशेबाने पैसे मोजून, तुटक्या कंट्रोलरवर हात घासत बसलेली ती पोरं. तेव्हा कोनामीकडे मोठ्या क्लबांचे हक्क नव्हते. लिव्हरपूल ‘मर्सीसाइड रेड’ नावाने खेळे, चेल्सी ‘लंडन एफसी’ म्हणून. आपला क्लब चालवायची ‘मास्टर लीग’ सुरू केली की वाट्याला यायचे कास्टोलो आणि मिनांडा हे खेळाडू, जे पृथ्वीतलावरच्या कुठल्याच क्लबात नव्हते. तरी पोरं त्यांच्यावर जीव टाकत, कारण चेंडू पायाला लागल्याचं बोटांना कळायचं. नावं खोटी, फुटबॉल खरा. नव्या गेममध्ये नावं, झेंडे, शर्ट सगळं कायदेशीर करारानिशी अस्सल आलं आणि मास्टर लीग गेली. ती मागाहून विकत मिळेल, असं सांगण्यात आलं.

आता कुणी म्हणेल, प्रतिस्पर्धी ईए स्पोर्ट्सकडे पाहा. जरूर पाहू. त्यांचा ‘फिफा २२’ दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १ ऑक्टोबरला बाजारात आला, पूर्ण किमतीसह. पण त्याचा डेमो? तो नव्हताच. ईएने २०२० मध्येच जाहीर केलं होतं की, ‘फिफा २१’चा डेमो निघणार नाही; तो वेळ पूर्ण गेम चांगला करण्यात घालवू. नमुना दाखवायला फुरसत नाही, माल बनवण्यात गुंतलो आहोत! त्याऐवजी सोय अशी की, महागडी आवृत्ती घेणाऱ्याला इतरांच्या काही दिवस आधी खेळायला मिळतं. पूर्वी आधी खेळायला मिळणं फुकट असायचं आणि गेमचे पैसे पडायचे. आता आधी खेळायचेही पैसे पडतात. आणि आत शिरल्यावर बंद पाकिटं विकत घ्यायची, ज्यांत कोणता खेळाडू निघेल ते नशीब जाणे. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पाकिटांना जुगार ठरवलं, तेव्हा ती पाकिटं घ्यायला लागणाऱ्या पॉइंटांची तिथली विक्री ईएला थांबवावी लागली. बाकी बहुतेक जगात नशीब अजून उघडं आहे.

पूर्वीचा डेमो म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट होता. भिंती गुळगुळीत, दिवे मंद, आणि पलंग मुद्दाम लहान करून घेतलेला, म्हणजे खोली मोठी वाटावी. ताबा मिळाल्यावर ओल दिसायची. कोनामीने सॅम्पल फ्लॅटमध्येच ओल दाखवली, आणि तिथेच राहायला सांगितलं. ग्राहकहिताचा याहून मोठा आविष्कार कोणता?

पुढचं काम ग्राहकांनी केलं. जगभरच्या पोरांनी दोष हुडकले, चित्रफिती काढल्या, कोणत्या मिनिटाला कोणाचा हात कोणाच्या पोटातून आरपार गेला याची बिनचूक नोंद ठेवली. असं काम करणाऱ्याला कंपन्या टेस्टर म्हणतात आणि महिन्याला पगार देतात. इथे माणसं शिव्या देत देत पण विनावेतन राबली. ऑक्टोबरमध्ये यायची दुरुस्ती नोव्हेंबरमध्ये आली. १.० ही आवृत्ती उगवली १४ एप्रिल २०२२ रोजी. राहिलेला एक दशांश भरून काढायला साडेसहा महिने लागले. आधीचे नऊ दशांश किती घाईत झाले असतील, याचा अंदाज यावरून करावा.

आणि फळ? तेही मिळालं. फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना आणि तिचं नाव आपल्या गेमला लावणारी ईए यांचा जवळपास तीस वर्षांचा संसार मोडला. ईएने आपला गेम ‘एफसी’ नावाने चालू ठेवला. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो यांनी तेव्हा ठासून सांगितलं होतं की, फिफाचं नाव लावणारा गेमच सर्वोत्तम असेल. २०२४ मध्ये फिफाने आपल्या डिजिटल विश्वचषकासाठी हात धरला तो कोनामीच्या ईफुटबॉलचा, आणि डिसेंबरमध्ये रियाधला अंतिम सामने झाले. ज्याला लोकांनी स्टीमवर सर्वांत खाली गाडलं होतं, त्यावर तीन वर्षांत विश्वविजेता ठरला.

फिफाला यात काही वावगं वाटलं नसावं. माल तयार व्हायच्या आत देऊन टाकायचं, दोष मागाहून निस्तरायचे, हा तिकडचा जुनाच शिरस्ता. २०१० मध्ये कतारला विश्वचषक दिला, तेव्हा स्पर्धेत शेवटी वापरलेल्या आठ स्टेडियमपैकी सात बांधायची होती. वाळवंटात उन्हाळ्यात ऊन असतं हा शोध पुढे लागला आणि स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात ढकलली गेली. त्या हिशेबाने कोनामीचं काम फारच चोख म्हणायचं. त्यांचं निदान नऊ दशांश तयार होतं.