ऑक्सिजनचा वाल्व कोण बंद करणार?

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला आणि किमान 11 कोविड रुग्णांचा जीव गेला. पुढच्या काही दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. चौकशी व्हायलाच हवी होती. पण आग लागल्यावर पहिल्या मिनिटात सिस्टरने नेमकं काय करायचं, हे तिला कुणी लिहून दिलं होतं का? तिच्याकडून एकदा तरी करवून घेतलं होतं का? मला अटकेच्या बातमीपेक्षा याचं उत्तर हवं आहे.

सुरक्षा प्रशिक्षणाच्या कागदावर ठरलेलं वाक्य असतं: 'कर्मचाऱ्यांमध्ये जागृती निर्माण करणे.' ही जागृती मोजणार कशी? हॉल भरला, चहा झाला, सह्या झाल्या की उद्दिष्ट साध्य! माणसाने काय करून दाखवायचं, कोणत्या परिस्थितीत आणि किती नीट, हे उद्दिष्टात हवं, असं रॉबर्ट मेगर या अमेरिकन तज्ज्ञाने 1962 सालीच लिहून ठेवलं आहे.

मग लिहा: 'रात्रपाळीची सिस्टर अलार्म देईल, वॉर्डाच्या ऑक्सिजनचा वाल्व कुणाला न विचारता दाखवेल, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला अंबू बॅग लावून सहकाऱ्याबरोबर बाहेर काढेल.' किती वेळात, तेही लिहा आणि घड्याळ लावून बघा. वाल्व बंद केला की त्यावरच्या सगळ्याच रुग्णांचा ऑक्सिजन तुटतो. म्हणून तो बंद करण्याचा हुकूम कुणाचा, हे आधीच ठरलेलं हवं. धुरात उभं राहून फोनाफोनी करायला वेळ नसतो.

हे फक्त रुग्णालयाचं नाही; आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. मळीच्या किंवा सांडपाण्याच्या टाकीत एक कामगार विषारी वायूने कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि त्याच वायूने तोही पडतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 36 मध्ये अशा जागी उतरणाऱ्यासाठी श्वसनयंत्र, कमरेचा पट्टा आणि त्याला बांधलेला दोर सांगितला होता. दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. यातून उद्दिष्ट सरळ निघतं: 'साथीदार पडलेला दिसला तरी कामगार आत उतरणार नाही, आरडाओरडा करेल, दोर ओढेल.' आतल्या माणसावर जीव असताना हे जमणं फार अवघड आहे. म्हणूनच सराव हवा, आणि तो ठेकेदाराच्या माणसालाही हवा. टाकीत बहुतेक वेळा तोच उतरतो.

4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ जरूर घ्या. त्यानंतर तासभर काढा आणि प्रत्येकाला तो दोर बांधायला लावा.