सामरीवाले मामा

येरवड्याचा माणूस बाहेरगावच्या लग्नात पंगतीला बसला आणि ‘कुठले तुम्ही?’ याचं त्याने खरं उत्तर दिलं, की वाढप्याच्या हातातला मठ्ठ्याचा डाव हवेतच थांबतो. ‘येरवडा? म्हणजे... कुठल्या बाजूला?’ बाजू दोनच ठाऊक असतात. एक १८७१ सालचं मध्यवर्ती कारागृह, दुसरं मनोरुग्णालय. १९३२ चा पुणे करार याच तुरुंगात झाला, हे शाळेच्या पुस्तकामुळे एखाद्याला आठवलं तर आठवतं. बाकी महाराष्ट्राच्या लेखी ‘आता याला येरवड्याला पोचवा’ एवढ्यापुरतंच हे गाव आहे.

ज्या गावाच्या नुसत्या नावाने लोक दचकतात, तिथे वाढलेल्याला साध्या भुताचं काय कौतुक? तरीही, किंवा त्यामुळेच असेल, येरवड्याच्या आळीआळीत, लक्ष्मीनगरात, नागपूर चाळीत, जेल रोडच्या मागच्या बोळांत, एक तरी सामरीवाले मामा सापडतातच. वय पन्नाशीच्या पुढे. केसांना कलप, शर्टाच्या खिशात चष्मा, आणि डोक्यात सत्तरी-ऐंशीच्या दशकांतले झाडून सगळे स्वस्तातले भूतपट. कुणी सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले असतात, कुणी रिक्षा चालवतात, कुणाचं झेरॉक्सचं दुकान असतं. तो सगळा जोडधंदा. मुख्य काम म्हणजे शापित गावांचा हिशेब ठेवणे.

हिशेब हा शब्द जपून वापरला आहे. मामा पडद्यावर भूत पाहत नाहीत, भुताचा खर्च पाहतात. हवेलीचं दार करकरत उघडलं की बाजूची बाई पदराआड तोंड लपवते आणि मामा म्हणतात, ‘हे दार मागच्या पिक्चरमधलंच आहे. नुसतं पॉलिश मारलंय.’

त्यांचं दैवत म्हणजे रामसे बंधू. कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे फतेहचंद रामसिंघानी फाळणीनंतर मुंबईत आले, आडनाव आटोपशीर होऊन रामसे झालं, आणि त्यांना सात मुलगे होते. कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन. मामांना ही नावं पाठ आहेत. स्वतःच्या साडूंची नावं विचारली तर दुसऱ्यावरच अडखळतात. १९७० साली या घराण्याने ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ काढला आणि तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात तेवढ्या प्रसंगाला थिएटरात लोक सावरून बसत होते. तुलसी आणि श्याम यांनी तेवढं बरोबर हेरलं. अख्खा पिक्चर पडतो आणि मुखवटा चालतो, तर मग मुखवट्याचाच अख्खा पिक्चर का काढू नये?

इथे मामा आवाज खाली आणतात, कारण पुढचा भाग त्यांना पवित्र आहे. बापाने पोरांच्या हातात मॅसेली नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराचं सिनेमा-छायाचित्रणावरचं पुस्तक दिलं आणि काश्मीरला हाउसबोटीवर नेऊन बसवलं. शिका म्हणाले. एकाने कॅमेरा धरला, एकाने आवाज, एकाने कात्री, एकाने लेखणी. मग सगळा कबिला बसमध्ये घालून महाबळेश्वरला गेला, सरकारी विश्रामगृहात उतरला आणि ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ करून आला. चाळीस दिवस, साडेतीन लाख, साल १९७२. स्वयंपाक घरच्याच बायकांनी केला. ‘आमच्याकडे घराला रंग काढायचा तरी दोन महिने लागतात,’ असं मामा यावर म्हणतात आणि मामी आतून भांडं आपटतात, कारण तो रंग अजून निघायचाच आहे.

मामांना हे नाव मिळालं ते मात्र १९८४ च्या ‘पुराना मंदिर’वरून. राजाने सामरी नावाच्या सैतानाला पकडलं, शिक्षा दिली, मुंडकं उडवलं. मरता मरता सामरी शाप देऊन गेला की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. राजाने काय करावं? धड एकीकडे पुरलं आणि मुंडकं पेटीत घालून हवेलीत जपून ठेवलं. दोनशे वर्षांनी कुणीतरी ती पेटी उघडणार, हे सिनेमातल्या ठाकूरसाहेबांना सोडून बाल्कनीपासून स्टॉलपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. तुरुंगाच्या भिंतीशेजारी हयात गेल्यामुळे शिक्षेच्या अंमलबजावणीबाबत मामांची मतं कडक आहेत. ‘एक तर जाळून टाका, नाहीतर पहारा बसवा. पेटीत कसलं ठेवता? आमच्या जेलात साधी विडी आत जायची तर तीन ठिकाणी झडती होते. इथं सैतानाचं डोकं, आणि चौकीदार एक, तोही म्हातारा!’

सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंता होते, ही मामांच्या पोतडीतली सर्वांत लाडकी गोष्ट. सहा फुटांच्या वर उंची, चेहरा निसर्गानेच रेखीव भेसूर घडवलेला, मेकअपवाल्याचं निम्मं काम वाचलं. पुढे १९९० च्या ‘बंद दरवाज़ा’तला शवपेटीत झोपणारा नेवलाही त्यांनीच केला आणि १९९४ च्या ‘बॅन्डिट क्वीन’मध्येही ते दिसले. आळीतला कुणी पोरगा इंजिनिअरिंगला नापास झाला की मामा त्याच्या बापाला हे उदाहरण देतात. अग्रवाल पास झाले होते हा तपशील ते गाळतात.

शापित गावाची काही कलमं मामांनी बसवून ठेवली आहेत. गावाला जायला एकच रस्ता असतो आणि गाडी त्याच रस्त्यावर बंद पडते. रेडिएटरमध्ये पाणी घालायला जो उतरतो तो परत येत नाही. गावात डाकबंगला असतो, दवाखाना नसतो. कंदील घेतलेला म्हातारा ‘परत जा’ म्हणतो, पण कारण सांगत नाही; कारण सांगितलं असतं तर पिक्चर वीस मिनिटांत आटोपला असता. विनोदी नटाचं एक स्वतंत्र उपकथानक असतं, त्याचा मूळ गोष्टीशी काडीचा संबंध नसतो. ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीप शोलेचं विडंबन करून जातो, ‘वीराना’त सतीश शाह भयपटाचाच दिग्दर्शक होऊन येतो. आणि कलमांतलं शेवटचं, ज्यावर मामा बोट आपटतात ते असं की, शाप कायम वारसाहक्काने येतो. पाप पणजोबाचं, जप्ती पणतीवर. ‘सात-बारा नीट पाहून घेतला असता तर निम्मे भूतपट झालेच नसते,’ असं ते म्हणतात. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित जमिनीचा दावा तिसऱ्या पिढीत चालू आहे अशांनी हे बोलावं, यात अनुभवाचा भाग असणारच.

मामांचं खरं तेज दिसतं ते भाद्रपदात. पुण्यात गणपतीचे देखावे सुरू झाले की ते आळीतल्या मंडळाचे अघोषित तांत्रिक सल्लागार होतात. हलत्या देखाव्यातला राक्षस हा त्यांच्या मते महाराष्ट्राचा खरा स्वस्तातला भूतपट. कागदाचा लगदा, पुठ्ठा, सुतळी, वर ऑइलपेंट. एका वर्षीच्या राक्षसापुढे ते चांगले अर्धा तास उभे होते. बाकीचे लोक हात जोडत होते, लेकरं बापाच्या खांद्यावर चढत होती, आणि मामा राक्षसाच्या मानेकडे पाहत होते. मान डावीकडे सावकाश जायची, उजवीकडे येताना मात्र आचका द्यायची आणि त्या आचक्यासरशी वरच्या जबड्याला लावलेला थर्माकोलचा सुळा तिरका व्हायचा. ‘वायपरची मोटर आहे,’ मामांनी निदान केलं. ‘गाडीचा वायपर जातो तशीच मान जाते बघ. ए बारक्या, त्या दांड्याला रबर लाव, आचका जाईल.’ बारक्याने रबर लावलं. आचका गेला आणि राक्षस एकदम समजूतदार दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांनी गुपचूप रबर काढून टाकलं.

ही जात एकट्या येरवड्याची नाही, हे मामांना ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना आधारही वाटतो. अमेरिकेत १९५३ साली ‘रोबोट मॉन्स्टर’ नावाचा सिनेमा चार दिवसांत उरकला. परग्रहावरचा यंत्रमानव करायला पैसे नव्हते, म्हणून गोरिलाचा पोशाख स्वतःच्या मालकीचा असलेला नट गाठला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याच्या टोपासारखं टोपलं चढवलं. मामांना या सिनेमाबद्दल नितांत आदर आहे. पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिल गावात तर १९५८ च्या ‘द ब्लॉब’साठी दरवर्षी जत्रा भरते. सिनेमात लाल लिबलिबीत गोळा ज्या थिएटरात शिरतो आणि लोक किंचाळत बाहेर पळतात, त्याच कलोनियल थिएटरातून आजही लोक हौसेने किंचाळत पळतात. आपल्याकडेही आकेरीच्या वाड्यापुढे फोटो काढायला गाड्या थांबतातच की. ‘रात्रीस खेळ चाले’ने सावंतवाडीजवळच्या त्या वाड्याला जेवढं नाव दिलं तेवढं पर्यटन खात्यालाही जमलं नसतं. गुंजन चौकातही असं काही व्हावं, टॉकीजमुळे चौकाला नाव पडलंच आहे, आता त्या नावाने वर्षातून एकदा किंचाळायला काय हरकत आहे, असा प्रस्ताव मामांनी मांडला होता. मंडळाच्या खजिनदारांनी ‘चौकात रोज संध्याकाळी सहाला लोक किंचाळतातच, सिग्नल पाहा,’ असं म्हणून तो निकालात काढला.

नव्या भूतपटांशी मामांचं नातं सुनेशी असावं तसं आहे. कौतुक आहे, पण चारचौघांत बोलून दाखवायचं नाही. ‘तुंबाड’ (२०१८) पाहून आले तेव्हा दोन दिवस गप्प होते. सासवडचा वाडा त्यांनी लगेच ओळखला. पुण्यापासून तासाभरावर इतका देखणा शाप पडून होता आणि आपण तिथून फक्त सीताफळं आणत राहिलो, याची त्यांना चुटपुट लागली. नारायण धारपांच्या गोष्टीचा त्यात अंश आहे हे कळल्यावर ‘आमच्या पुण्याचेच ते’ एवढं बोलले. ‘मुंज्या’ने २०२४ मध्ये शंभर कोटींच्या वर गल्ला केला, तोही कोकणातला शाप पुण्यात आणून, हे मात्र त्यांना जड गेलं. मुंज्या संगणकावर काढलेला आहे, ही त्यांची तक्रार. ‘घाम येत नाही त्या भुताला. सामरीच्या कपाळावर मेकअप वितळायचा, दिसायचा! तात्या विंचू बघा, लाकडाचा-कापडाचा असेल, पण रामदास पाध्यांचा हात होता त्याच्या पोटात.’ मामींनी ‘मुंज्या’ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा भिशीतल्या बायकांबरोबर गेल्या आणि येताना आइस्क्रीम खाऊन आल्या, हे मामांना भुतापेक्षा लागलं.

सध्या मामा स्वतःच्या सिनेमाची गोष्ट लिहीत आहेत. शंभर पानी वही, निळं पेन, नाव अजून ठरलेलं नाही. गाव अर्थातच येरवडा. जुना बंगला, ब्रिटिश जेलर, त्याने पुरलेली पेटी, अमावास्या, सगळं जमून आलंय. अडचण एकाच जागी येते. भूतपटाला निर्मनुष्य रस्ता लागतो आणि येरवड्यात तो मिळत नाही. पाहणी करायला म्हणून मामा रात्री दोन वाजता पर्णकुटी चौकात जाऊन उभे राहिले, तर आयटीवाल्यांना सोडून परतणाऱ्या कॅब ओळीने उभ्या, चहावाल्याकडे गर्दी, बनमस्का संपलेला. तारकेश्वराच्या टेकडीखाली दोन पोरं मोबाइलवर क्रिकेट पाहत बसलेली. पुढे जेलच्या भिंतीपाशी काळोख बरा सापडला, तर पहाऱ्यावरच्या शिपायाने टॉर्च मारून सांगितलं, ‘काका, भेटीची वेळ सकाळी असते.’

तेवढ्यावर मामांनी पटकथेत बदल केला आहे. आता पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते, संगीत वाढतं, हवेत धूर सुटतो, आणि मागून येणारा कॅबवाला काच खाली करून म्हणतो, ‘ताई, ओटीपी सांगा.’