कोणता देश?

धावड्याच्या स्टँडवर तुम्ही हातात नुसती फाइल धरून उभे राहिलात, की तात्या चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "कोणता देश?"

असा एक तात्या हल्ली गावोगाव सापडतो. पोरगं आखातात निघालं, की आधी मारुतीला नारळ आणि मग तात्यांना चहा. पुतण्याच्या कागदांसाठी तात्या एकदा जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेस धरून मंत्रालयात जाऊन आले. त्या एका खेपेवर त्यांची विद्वत्ता अजून चालू आहे.

परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून त्यावर अपोस्टिल लागतं; पण अपोस्टिल म्हणजे पोस्टातलं काहीतरी, अशी गावाची समजूत. तात्या खवळतात. "पोस्टाचा काय संबंध? हेगचा करार आहे तो, 1961चा! आपला देश त्यात आला 2005 साली." मग शिक्क्यांची उतरंड. आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. मस्कतला अपोस्टिल चालतं; दुबईला नाही, तिथं वकिलातीचाही शिक्का लागतो. लग्नातले मानपान सांगावेत, तसं सांगतात. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे 50 रुपये, हेही ठणकावतात. वरून एजंट किती घेतो, असं विचारलं की मात्र त्यांना भोकरदनची बस दिसते.

परवा गल्लीतली आक्का लेकाचं आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन आली. पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात प्रमाणपत्र. तात्यांनी ते उन्हात धरलं, कडेला नख लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"लॅमिनेशन काहून केलं?"

"भिजू नाही म्हणून, भाऊ."

"अगं, परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर कागदाच्या पाठीवर चिकटवतात. प्लॅस्टिकवर शिक्का बसल का?"

आक्कानं जरा विचार केला. "मंग इस्त्री फिरवली तर निघंल का?"

हेग करार तोंडपाठ असलेले तात्या पहिल्यांदाच गप्प बसले. मग गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनीच दुसऱ्या प्रतीचा अर्ज लिहिला आणि त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या पाटीवर 'लॅमिनेशन करून मिळेल' असं लिहिलेलं आहे. तात्या त्याच्याशी बोलत नाहीत.