अर्ध्या दिवसात सावंतवाडी-आंबोली : एक नियमावली

गोव्याला जाता जाता सावंतवाडीचा राजवाडा आणि आंबोली उरकून घेण्याची इच्छा अनेकांना होते. त्यांच्या सोयीसाठी पुढील नियमावली केली आहे. तिचे प्रेरणास्थान आमचे साडू. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी दिवसाचा मेळ लागल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. सहलीचा कागद ते आदल्या रात्री लिहून काढतात आणि झेरॉक्स करून प्रत्येक गाडीत एकेक प्रत देतात. त्यात 'राजवाडा : २० मिनिटे (फोटोंसह)' अशा नोंदी असतात. 'फोटोंसह' हा शब्द अधोरेखित असतो.

कलम १ : व्याख्या. अर्धा दिवस म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी दोन. त्यातला पहिला तास 'सगळे बसले का?' या प्रश्नात जातो. हा तास धरूनच पुढचे नियोजन करावे. त्याच्याशी भांडू नये.

कलम २ : आगगाडीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की सावंतवाडी रोड स्टेशन सावंतवाडी शहरात नाही. ते मळगावात आहे. रिक्षाचे पैसे आणि वेळ दोन्ही वेगळे धरावे.

कलम ३ : राजवाडा. गावाच्या मधोमध मोती तलाव, त्याच्या काठाने रस्ता आणि रस्त्याच्या कडेला सावंत-भोसल्यांचा लाल जांभ्या दगडातला वाडा. तिसऱ्या खेम सावंतांच्या (१७५५ ते १८०३) काळातला. जयपूर-उदयपूर पाहून आलेल्यांनी 'एवढाच?' हा उद्गार मनात काढावा. कोकणातले संस्थान होते. पाऊस सोसेल, कौले शाकारता येतील आणि माणसे राहू शकतील असा वाडा बांधला, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आत शिरल्यावर सिंहासन, तसबिरी वगैरे पाहून घ्यावे. मात्र खरा माल दरबाराच्या दालनात कारागिरांसमोर असतो. गंजिफा. गोल पत्ते, लाखेच्या झिलईचे, हाताने रंगवलेले. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, एकूण १२०. कारागीर मांडीजवळ पाट घेऊन बसलेला असतो, डाव्या हातात तळहातापेक्षा लहान चकती आणि उजव्या हातात चार केसांचा वाटावा असा कुंचला. मत्स्याच्या अंगावरचे खवले तो एकेक टिंब देऊन भरत असतो. त्याच्या मागे उभे राहून 'हे हाताने करतात?' असे विचारू नये. हात दिसतो आहे.

ही कला जवळजवळ संपलीच होती. १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या जुन्या कारागिराला गाठून ती पुन्हा उभी केली, स्वतः शिकली, वाड्यातच कारागीर बसवले. पन्नास वर्षे झाली तरी त्या दालनात कुणी ना कुणी रंगवत असते. आमच्याकडे संस्थानिकांच्या गोष्टी सांगताना शिकार आणि मोटारी फार येतात. ही गोष्ट कमी येते.

इथे एक अपवाद नोंदवणे भाग आहे. साडू पत्त्यांचे वेडे आहेत. मेंढीकोट, बदाम सात, ब्रिज, काहीही. त्यांनी घड्याळ पाहत पाहत कारागिराला सहज विचारले, 'खेळतात कसे हो?' राजा सगळ्यांत वर, त्याच्याखाली वजीर, इथपर्यंत ठीक होते. पुढे कळले की पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. शिवाय दिवसा खेळायला बसलात तर सुरुवात रामाच्या रंगाने, रात्री बसलात तर कृष्णाच्या. साडूंनी चष्मा काढला, पुसला आणि खाली मांडी घातली. वीस मिनिटांचा तास झाला, तासाचे आणखी काही झाले. बाहेर गाडीतून हॉर्न वाजत होते. एरवी ते हॉर्न साडूंचे असतात.

कलम ४ : चितार आळी. लाकडी फळे, भाज्या, भातुकली, बैलगाड्या. पूर्वी हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची करीत. घेताना वजन करून पाहावे आणि नखाने रंग खरवडून पाहू नये. घासाघीसही करू नये. इथला दुकानदार भाव कमी करीत नाही, रागावतही नाही. तो ती वस्तू शांतपणे उचलून परत फळीवर ठेवतो. 'इतकी घाई कित्याक?' असे वर विचारतो, आणि या प्रश्नाला साडूंच्या कागदावर उत्तर नाही.

कलम ५ : माशाचे ताट मागवले की अर्धा दिवस संपला.

कलम ६ : घाट. सावंतवाडी ते आंबोली तीसेक किलोमीटर. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवावे, मानापमान खाली उतरल्यावर पाहता येतात. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीकडे माल चढवायला इंग्रजांना हा रस्ता हवा होता. तो झाल्यावर १८८०मध्ये इथला पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप याने आंबोलीला थंड हवेचे ठिकाण केले. त्यामुळे महाबळेश्वर-माथेरानच्या पंक्तीला ती बसते, पण बाजारपेठ तेवढी वाढली नाही. हे आंबोलीचे नशीब.

पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. छत्री घेऊन जाणाऱ्याने ती उलटी झाल्यावर काय करायचे हेही ठरवून जावे. जुलैतल्या रविवारी मुख्य धबधब्याला जाऊ नये, म्हणजे नयेच. गाड्यांच्या रांगेत बसून समोरच्या गाडीतले गाणे ऐकायचे असेल तर ते कल्याण-शीळ रस्त्यावरही ऐकता येते. मधल्या वारी, सकाळी आठच्या आत पोचावे. वळणावर गाडी थांबवून कुणी भिजत असेल तर त्याला सांगायला जाऊ नका, ऐकत नाहीत. तुम्ही हळू चालवा.

कलम ७ : कावळेसाद. दरीतून वर येणारा वारा खाली पडणारे पाणी परत तोंडावर फेकतो, अशी याची ख्याती. कठड्याच्या अलीकडेच राहावे. आम्ही गेलो तेव्हा दरी, पाणी आणि साडू, तिन्ही धुक्यात होते. दहा मिनिटांनी साडूंचा आवाज आला, 'झालं कावळेसाद.' कागदावर बरोबरची खूण केली, शाई पसरली.

कलम ८ : हिरण्यकेशी. गुहेतून नदी उगम पावते, समोर कुंड, वर महादेव. याच कुंडातल्या माशाची नवी प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, नाव शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. लोक कित्येक पिढ्या हात जोडून परत जात होते, मासा पायाशी होता. पाण्यात निर्माल्य, साबण, बिस्किटे, काहीही टाकू नये.

कलम ९ : जे पाहायचे राहते. कुशीवर पट्टे असलेला आंबोलीचा भेक २००९ मध्ये शास्त्राच्या दप्तरी आला. जवळजवळ इथलाच रहिवासी. पहिला पाऊस पडला की रात्री कातळावर नर ओरडू लागतात. हिरवा चापडा सापही बॅटरीच्या उजेडातच फांदीवर दिसतो, तोही दाखवणारा स्थानिक माणूस बरोबर असेल तर. थोडक्यात, आंबोलीतले बरेचसे पाहण्यासारखे अंधार पडल्यावर बाहेर येते आणि तोवर अर्ध्या दिवसाचे प्रवासी म्हापशाला पोचलेले असतात. मुक्काम करावा. साडूंना मी हे सांगितले. त्यांनी पुढच्या कागदावर 'रात्र : ४५ मिनिटे' असे लिहिले आहे.

कलम १० : खर्च. गंजिफाचा पूर्ण संच काही हजारांच्या घरात जातो. तो घेण्याआधी घरी विचारावे. साडूंनी विचारले नाही.

हा खेळ तिघांत खेळतात, आणि तो येणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. साडू आणि मी मिळून दोघे होतो. नियम पाठ आहेत, संच पेटीत आहे. कुणाला येत असेल, किंवा शिकायची तयारी असेल, तर कृपया या. चहा आमच्याकडे.